प्रत्येक रविवार, दहा ते पाच

घटस्फोटाच्या कागदावर मी स्वतः सांगून एक चूक लिहून घेतली. ती चूक आहे हे त्या खोलीतल्या दोघांना तेव्हाच ठाऊक होतं. एक मी, दुसरी माझी बायको. तिसऱ्या मध्यस्थ बाई, पण त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

छत्तीसगडमधल्या दुर्गच्या कुटुंब न्यायालयाने आमचं प्रकरण आधी मध्यस्थीला पाठवलं. कोर्ट म्हणजे कठडा, काळे कोट आणि एकमेकांची उणीदुणी, अशी माझी समजूत होती. त्या तयारीनेच मी गेलो होतो. बायको काय काय बोलेल आणि त्यावर मी काय बोलेन, सगळं घोकून ठेवलं होतं. प्रत्यक्षात निघाली एक लहानशी खोली, एक गोल टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर एक पोस्टर. पोस्टरवर आई, बाप आणि मूल दात काढून हसत होते. ही अक्कल कोणाला सुचली असेल, असं मनात म्हणत मी पोस्टरकडे पाठ येईल अशी खुर्ची धरली. बायको समोर बसली, त्यामुळे ते पोस्टर तिच्या वाट्याला आलं.

मध्यस्थ बाई साठीच्या आसपासच्या, सुती साडी, चष्मा दोरीला अडकवलेला. व्यवसायाने वकील, पण इथे मी कुणाचीच वकील नाही, असं त्यांनी बसल्याबसल्या सांगून टाकलं. त्या हिंदीत बोलत. मी निकाल देणार नाही, इथे बोललेलं न्यायाधीशांच्या कानावर जाणार नाही, तुम्हा दोघांचं जे ठरेल तेवढंच कागदावर येईल. निकालच द्यायचा नाही तर मला ड्यूटी बदलून घ्यायला लावून बोलावलं कशाला, असं मला वाटलं. तेव्हा मी सगळ्यावरच चिडलेला असे.

तसं बघितलं तर आमच्यात वाद फार उरलेच नव्हते. वेगळं व्हायचं, हे ठरलं होतं. मुलगी आईजवळ राहील, हेही ठरलं होतं. ती नऊ वर्षांची होती, आणि तिची वेणी घालण्यापासून गणितं घेण्यापर्यंत सगळं आईच करत आली होती, त्यात मी काय तोंड वर करून बोलणार. प्रश्न एकच उरला होता. मी तिला कधी भेटायचं?

बाईंनी विचारलं, "आप कब मिलना चाहेंगे?"

मी म्हणालो, "हर संडे. दस से पाँच."

बायकोने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.  बाईंनी तिला विचारलं, तुम्हाला चालेल का? ती म्हणाली, "ठीक है." बाईंनी लिहून घेतलं. प्रत्येक रविवार, सकाळी दहा ते सायंकाळी पाच.

आता चूक काय ते सांगतो. माझ्या आयुष्यात रविवार नावाची गोष्टच नाही.

मी भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये, रोलिंग मिलच्या आत क्रेन चालवतो. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, सकाळी सहा ते दोन. एक आठवडा सेकंड, दोन ते दहा. एक आठवडा नाईट. आठवड्याची सुट्टी फिरती, या महिन्यात मंगळवार तर पुढच्या महिन्यात गुरुवार. रविवारी सुट्टी आली तर ती लॉटरी समजायची. भिलाईत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण मध्यस्थ बाई दुर्गच्या, त्यांच्या घरात कुणी प्लांटमध्ये नसावं. त्यांना रविवार म्हणजे रविवार वाटला.

मग मी खरं का नाही बोललो? आज विचार करतो तेव्हा स्वतःचीच लाज वाटते. लग्नाच्या बारा वर्षांत बायकोची एकच तक्रार होती की, लोकांचे नवरे रविवारी घरी असतात. आणि त्या गोल टेबलाशी बसल्यावर मला रविवारी घरी असणारा माणूस म्हणून दिसायचं होतं. नवरा म्हणून जमलं नाही, निदान बाप म्हणून तरी. आता त्या दिखाव्याचा उपयोग काय होता, हे मला विचारू नका.

आमचं बिनसलं कसं, तेही सांगायला हवं. मोठं काही घडलं नाही. सेक्टर दोनमधल्या प्लांटच्या क्वार्टरांच्या दारांवर आजही कुठे कुठे पुठ्ठा अडकवलेला दिसतो, "नाईट ड्यूटी है, घंटी न बजाएँ." आत माणूस दिवसा झोपलेला असतो. आमच्याही दारावर होता. तीन आठवड्यांतला एक आठवडा घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, कुकर लावायचा नाही, टीव्ही लावला तर आवाज बंद करून. इथल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. आमची मुलगी तर दोन वर्षांची असल्यापासून दिवसा चवड्यांवर चालायची. पाहुणे तिचं कौतुक करायचे, आणि मलाही तो कौतुकाचाच विषय वाटायचा.

बायको एका खाजगी शाळेत शिकवते. नाईटच्या आठवड्यात ती सकाळी निघायची तेव्हा मी झोपायला येत असे, सेकंडच्या आठवड्यात ती परत यायची तेव्हा मी निघण्याच्या तयारीत. भांडणंसुद्धा कमी झाली, कारण भांडायला दोघांनी एका वेळी जागं असावं लागतं. वर मला कामाने लावलेली एक सवय. क्रेनच्या केबिनमध्ये माणूस वर एकटा असतो. खाली उभा असलेला सिग्नलवाला हाताने इशारे करतो. हात वर झाला की उचलायचं, मूठ दिसली की थांबायचं. स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, नाहीतर खालच्याच्या जिवावर बेतेल. वीस वर्षं मी हेच केलं, आणि घरातही तसाच वागलो. सांगितलेलं सगळं केलं. न सांगितलेलं काही केलं नाही. ती म्हणायची, प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का? मला मनापासून कळायचं नाही की मग कोण सांगणार.

एका बुधवारी माझी सुट्टी होती. मी पेपर वाचत बसलो होतो. ती शाळेतून आली, पर्स ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मले इथं एकटीनंच राहायचं आहे तर मी आईकडे जाऊन राहते."

मी म्हटलं, "कावून?"

"पाहा," ती म्हणाली, "अजून विचारूनच राहिले तुम्ही."

तिच्या आईवडिलांचं घर वैशाली नगरात. मुलीला घेऊन ती तिकडे गेली, आणि पुढचं वर्ष नातेवाइकांच्या बैठकांमध्ये आणि वकिलांकडे गेलं. मी क्वार्टरमध्ये एकटा राहिलो. नाईट करून आलो की घर तसंच शांत, पण आता ती शांतता माझ्यासाठी कुणी ठेवलेली नव्हती. आणि गंमत बघा, मला झोप येईना. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत पडून राहायचो. एकदा मुलीचा एक मोजा कपाटाखाली सापडला. तो धुतला, दोरीवर वाळत घातला, आणि वाळल्यावर आता कुठे ठेवायचा ते कळेना. दोन दिवस तो दोरीवरच होता. एकटेपणा म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन.

तर रविवार मी मागून बसलो होतो, आता तो निभावायचा होता. त्यावर मी तोड काढली. आमच्यात आपसात ड्यूटी बदलून घेता येते, फक्त इन्चार्जला सांगावं लागतं. शनिवारची नाईट कुणालाच नको असते. शनिवारी रात्री दहाला चढायचं, रविवारी सकाळी सहाला उतरायचं. कागदावर ती शनिवारची ड्यूटी आणि रविवार कोरा. ज्याची शनिवारी नाईट असेल त्याला मी गाठायचो, त्याची नाईट मी घ्यायची आणि माझा रविवार त्याने. लोक खुशीत तयार व्हायचे. रुआबांध्यात राहणारा एक सहकारी, आमच्या नागपूरकडचाच, एकदा हसत म्हणाला, "भाऊ, दर शनिवारची नाईट कोण मागते? तुमच्या घरी वाट पाहणारं कोणी नाही का?" बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. बिचाऱ्याने मला कॅन्टीनमध्ये स्वतः चहा आणून दिला.

अशी माझी व्यवस्था बसली. रविवारी सहाला सुटायचं, अंघोळ करायची, दहाच्या ठोक्याला वैशाली नगर. मुलगी गेटवर पाठीला दप्तर लावून तयार. दप्तरात चित्रकलेची वही आणि रंग. स्कूटरवर मागे बसून ती दोन्ही हातांनी माझा शर्ट धरायची. तेवढ्या अंतरात मला जगात काही कमी आहे असं वाटत नसे.

घरी आल्यावर मी पोहे करायचो. तेवढंच मला येतं. ती मुकाट्याने खायची. मग आम्ही सोफ्यावर बसायचो, ती शाळेतलं काही सांगायला लागायची, आणि मी म्हणायचो, "बेटा, पाच मिनिट डोळे मिटतो, तू सांग, मी ऐकून राहिलो." जाग यायची ती तिच्या हाताने. ती खांद्याला बोट लावून म्हणायची, "पप्पा, चार वाजले." अंगावर चादर घातलेली असायची. समोर टीव्हीवर कार्टून, आवाज बंद. वहीत तीन-चार चित्रं झालेली. मला वाटायचं, काय गुणी पोर आहे माझी. मग पाचला तिला सोडून यायचं. मी त्या दिवसांना चांगले दिवस समजत होतो. आठवडाभर मी त्या चार वाजता लागणाऱ्या बोटाची वाट बघायचो.

हे चार महिने चाललं. मग आमच्या शिफ्ट इन्चार्जने मला बाजूला घेतलं. माणूस भला. तो म्हणाला, चार महिने बघतोय, तुझी दर शनिवारी नाईट आहे, आणि तुझ्या स्वतःच्या नाईटचा आठवडा वेगळाच. तुझे डोळे बघ आरशात. मुलीसाठी करतोस हे मला कळतं, पण तुझ्या क्रेनखाली माणसं असतात. यापुढे तुझी ड्यूटीची अदलाबदल मंजूर करणार नाही. तो बरोबर होता, म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

पुढच्या रविवारी माझी फर्स्ट होती. मी मुलीच्या आईला फोन केला आणि तब्येत बरी नाही म्हणालो. त्याच्या पुढच्या रविवारी सेकंड होती, दीडलाच घरातून निघायला हवं. तेव्हा स्कूटर बिघडल्याचं सांगितलं. तिसऱ्या रविवारी एकजण रजेवर, म्हणून नाईटऐवजी मला पुन्हा फर्स्टला लावलं, आणि तिसरं खोटं मला सुचेना. फोनच केला नाही. दहा वाजले तेव्हा मी वर केबिनमध्ये होतो, खाली सिग्नलवाला हात दाखवत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. आत्ता ती गेटवर आली असेल, हे मला माहीत होतं. साडेअकराला मोबाईलवर मेसेज आला असणार, पण मोबाईल खाली लॉकरमध्ये. दोन वाजता उघडून बघितला. "दीड तास गेटवर उभी होती ती. ऊन होतं." एवढंच लिहिलं होतं.

मोबाईल खिशात टाकला आणि घरी आलो.

पंधरा दिवसांनी तिच्या वकिलाचा कागद आला. भेटीबाबत जे ठरलं ते पाळलं जात नाही, त्यावर फेरविचार व्हावा. कोर्टाने पुन्हा मध्यस्थीला पाठवलं. कागद मी दोनदा वाचला. फेरविचार म्हणजे भेटी बंद, दुसरा अर्थ मला लागला नाही. मुलगी आता हातची गेली, असं धरूनच मी ते दिवस काढले. जेवायला बसायचो आणि दोन घासांत उठायचो.

मे महिना होता. मध्यस्थीची तीच खोली, त्याच बाई. बाहेर व्हरांड्यात बाकावर माझी मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. मला बघून तिने हात हलवला आणि लगेच आईकडे बघितलं, हात हलवलेला चालतो ना, अशा नजरेने.

बाई म्हणाल्या, आज आधी सगळ्यांशी वेगवेगळं बोलेन, मुलीशीही. पहिला मी. मी भडाभडा बोललो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. सुट्टी फिरती आहे, रविवार मी खोटाच मागितला, हे सांगून टाकलं. पण त्यातही मी माझी बाजू मांडलीच. एकही रविवार फुकट मिळाला नाही मला, म्हणालो. प्रत्येकासाठी आदल्या रात्री जागलो आहे. चार महिने एकही रविवार चुकवला नाही. कोण बाप एवढं करतो, विचारा बाहेर कुणालाही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग चष्मा लावून विचारलं, "और आप सोते कब थे?"

मी म्हणालो, "हो जाता था, मैडम."

मग बायको आत गेली. मग मुलगी. मुलगी आत असताना आम्ही दोघं व्हरांड्यातल्या त्याच बाकावर दोन टोकांना बसलो होतो. मध्ये तिचं पुस्तक. बायको मोबाईल बघत होती. मला तिला विचारायचं होतं की, तू पोरीला माझ्यापासून कायमचं तोडणार आहेस का. वीस मिनिटं झाली, दार उघडलं, मुलगी बाहेर येऊन बाकावर मध्ये बसली आणि पुस्तक उघडलं. आम्हाला दोघांना आत बोलावलं.

बाई म्हणाल्या, मुलीने जे सांगायला हरकत नाही म्हटलं तेवढंच सांगते. आणि त्यांनी समोरच्या कागदावरून तिचीच वाक्यं वाचली.

पप्पा झोपतात. मी टीव्ही आवाज बंद करून बघते. मम्मीला सांगितलं नाही, नाहीतर मम्मी पाठवणार नाही आणि पप्पांना वाईट वाटेल. पप्पा तिथे असतात, पण मी एकटीच असते. गेटवर उभी होते तेव्हा मला राग नाही आला. मला वाटलं, बरं झालं, आज पप्पा घरी पलंगावर नीट झोपले असतील.

बाईंनी कागद उलटा ठेवला. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही, आवरण्याजोगं नव्हतंच ते. इतकी वर्षं मी समजत होतो की घरात एकटा मी आहे. क्रेनवर एकटा, क्वार्टरमध्ये एकटा, अन्याय झाला तर तो माझ्यावरच. आणि माझ्या सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याच घरात, नऊ वर्षांची पोर पाच पाच तास गप्प बसून होती, मला वाईट वाटू नये म्हणून.

बायकोलाही हे नवीन होतं. तिने ओढणीने डोळे पुसले. मी तिच्याशी मराठीत बोललो. त्या खोलीत आम्ही आजवर हिंदीच बोलत आलो होतो, जणू दोन अनोळखी माणसं.

"तुले तर माहीत होतं," मी म्हटलं. "माझी सुट्टी रविवारी नसते. पहिल्या वेळी मी रविवार मागितला तेव्हा तू कावून नाही बोलली?"

तिने ओढणी खांद्यावर सारखी केली. मग म्हणाली, "बारा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही रविवार मागून राहिले होते. मले वाटलं, काही तरी करतीन हे पोरीसाठी. मी कशाले मोडता घालू?"

"मी केलं ना पण."

"केलं," ती म्हणाली. "आपल्याले वाटलं तसं केलं. तिले विचारून नाही केलं."

भांडण करावं असं त्या वाक्यात काही नव्हतं. बाईंना मराठी किती कळली माहीत नाही, पण त्यांनी मध्ये बोलायची घाई केली नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, आता काय करायचं? त्यांनी पर्यायही सुचवले. महिन्यातून एक पूर्ण दिवस ठेवता येईल. शाळेच्या सुट्ट्यांत आठवडाभर ठेवता येईल. बायको म्हणाली, तिला चालेल. म्हणजे भेटी बंद करायला ती आलीच नव्हती. ती फक्त पोरीचं गेटवर उभं राहणं बंद करायला आली होती. हे मला त्या क्षणी कळलं आणि इतक्या दिवसांच्या माझ्या रागाला बसायला जागाच उरली नाही.

मी म्हणालो, दोन तास लिहा.

बाईंना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "दो घंटे? हफ्ते में?"

हो, म्हणालो. ज्या दिवशी माझी सुट्टी असेल त्या दिवशी, चार ते सहा. महिन्याच्या सुरुवातीला ड्यूटीचा तक्ता मी तिच्या आईला मोबाईलवर पाठवेन. आदल्या रात्री नाईट असेल तर त्या आठवड्यात नाही, आणि तसं मी आधी सांगेन. जागा असेन तेव्हाच.

बाई म्हणाल्या, "यहाँ सब ज़्यादा माँगने आते हैं." बायको म्हणाली, "सातपर्यंत करा हवं तर. तिचा अभ्यास मी नंतर घेईन." ती मनापासून म्हणत होती. मी म्हटलं, नको, दोनच. तिने पुन्हा आग्रह केला नाही. कागद तयार झाला, आम्ही सह्या केल्या. बाहेर आलो तर मुलगी बाकावर आडवी होऊन झोपली होती, पुस्तक छातीवर. आम्ही दोघं थोडा वेळ तसेच उभे राहिलो. मग तिच्या आईने तिला उठवलं आणि त्या दोघी ऑटोने गेल्या.

त्यानंतरची पहिली सुट्टी गुरुवारी आली. आदल्या दिवशी फर्स्ट करून मी रात्री नऊला झोपलो होतो, एखाद्या परीक्षेला बसायचं असल्यासारखा. चार वाजता तिला घेतलं. क्वार्टरवर नेलं नाही. सिविक सेंटरच्या बाजारात गेलो, एका बाकावर बसलो, उसाचा रस घेतला. आधी ती गप्प होती. माझ्याकडे बघायची आणि बघत नाही असं दाखवायची. मग एकदा बोलायला लागली ती थांबेना. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. वर्गात तिच्या बाजूला कोण बसते, कोणती मैत्रीण बोलत नाही आणि का, नव्या शाळेच्या व्हॅनमध्ये तिला उलटी कशी येते. तिला अंधाराची भीती वाटत नाही पण लिफ्टची वाटते. तिला पोहे आवडत नाहीत, पहिल्यापासूनच नाही.

"मग इतके दिवस खाल्ले कावून?"

"तुम्ही बनवले होते ना."

मी विचारत गेलो, ती सांगत गेली. मला इतकं ऐकायची सवय नव्हती. पाऊण तासाने डोकं भणभणायला लागलं, खरं सांगतो. आपल्या पोरीची बडबड ऐकून बाप थकतो, हे कुणाला सांगायची सोय नाही. पण मी जागा होतो, आणि तिने मध्ये दोनदा थांबून माझ्या डोळ्यांकडे बघितलं तेव्हा ते उघडे होते.

सहाला पाच मिनिटं कमी असताना वैशाली नगरच्या गेटवर पोचलो. ती उतरली, दप्तर सावरलं, दोन पावलं गेली आणि परत आली. हँडलवर हात ठेवून म्हणाली, "पप्पा, दोन घंटे कमी पडते ना."

"हो बेटा," मी म्हटलं, "पडते."

"मम्मीले सांगू? ती जास्तीचे करून देईन. ती म्हणून राहिली होती, पप्पानंच दोन मागितले."

आत दिवा लागलेला दिसत होता. तिची आई दोन मिनिटांच्या अंतरावर होती, आणि तिने नाही म्हटलं नसतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. मागच्या वेळी असंच बाईंच्या एका प्रश्नाला मी झटकन उत्तर देऊन बसलो होतो.

मी म्हटलं, "नको."

ती थांबली नाही, मान हलवून आत गेली. तिला वाटलं असणार, पप्पांना तेवढं पुरतं. पुरत नव्हतं. पण मी जागा राहीन असं लिहून दिलेले हे दोन तास खरे निघाले होते, आणि माझ्याजवळ तिला देण्याजोगं तेवढंच एक खरं होतं. तिसऱ्या तासात मी जागा राहीन की नाही, ते मला अजून माहीत नव्हतं.